खिचडीचा डाव

आमच्या नागपूरच्या जुन्या घरात बुद्धिबळाचा डाव मांडायला निदान तीन माणसे लागत: दोघे खेळणारे आणि एक जण बाजूला बसून ‘घोडा काढ, घोडा काढ’ असे बजावणारा. आजोबांचे नियम देशी होते. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके आणि शह बसला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची अडीच घरांची उडी मारता येई. आजोबा हरू लागले की त्यांचा राजा ही उडी दोनदा मारत असे आणि त्याबद्दल कोणी ब्रही काढत नसे. अशा उदार वातावरणात घडलेला मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी मोबाइलवर बुद्धिबळ खेळू लागलो.

खरा दोष काळाचा आहे. २०२०च्या टाळेबंदीत घरात अडकलेली माणसे मोबाइलवर प्यादी सरकवू लागली आणि समय रैनासारखा विनोदी कलाकार आपले डाव यूट्यूबवर दाखवू लागला. २०२४च्या डिसेंबरात अठरा वर्षांचा गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला आणि २०२५च्या जुलैत आमच्याच गावच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून नागपुरात राहून बुद्धिबळ येत नाही असे सांगणे, हे संत्रे सोलता येत नाही असे सांगण्याइतके लाजिरवाणे झाले आहे.

पूर्वी आजोबा ‘बरा खेळतोस’ म्हणत, आणि त्या ‘बरा’मध्ये माझी अब्रू सुरक्षित होती. आता माझे रेटिंग ८४० आहे. माणसाची लायकी अशी आकड्यात मांडण्याची युक्ती अर्पाद एलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची. जागतिक संघटनेने ती १९७०मध्ये स्वीकारली. एलोसाहेबांनी भौतिकशास्त्रातच लक्ष घातले असते तर आमची कन्या जेवताना ‘बाबा, आज किती घसरलात?’ असे विचारती ना.

परवा सौभाग्यवती भिशीला निघाल्या आणि जाताना म्हणाल्या, “अहो, कुकरमध्ये खिचडी आहे. चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा.” मी होकार दिला आणि तीन मिनिटांचा डाव लावला. समोर ब्राझीलचा झेंडा लावलेला कोणी गृहस्थ होता. दहाव्या चालीला त्याचा हत्ती मी फुकटात मारला तेव्हा पहिली शिट्टी झाली, ती मला माझ्याच कौतुकाची वाटली. पुढच्या दोन शिट्ट्या मी मोजल्या की नाही, हे आजही सांगता येत नाही, कारण त्याचा उंट माझ्या वजिरावर डोळा ठेवून बसला होता आणि माझ्या घड्याळात चाळीस सेकंद उरले होते. शिट्टी झाली, ती तिसरी की पाचवी, या विवंचनेत मी मोबाइल हातात धरूनच स्वयंपाकघराकडे धावलो.

आमच्या स्वयंपाकघरात रेंज येत नाही. गॅस बंद करून पडद्याकडे पाहिले तर मधोमध एक चक्र गरगरत होते. गॅलरीत येईपर्यंत माझा वेळ संपला होता. एक हत्ती जास्त असलेला मी हरलो होतो आणि ब्राझीलच्या गृहस्थाने हात जोडल्याचे चित्र पाठवले होते. एवढ्यावर भागले असते तर ठीक होते. पण यंत्राने पाठोपाठ डावाचे विश्लेषण करून माझ्या सातव्या चालीपुढे दोन लाल प्रश्नचिन्हे काढली. ती चाल घोड्याची होती, म्हणजे घोडचूक या शब्दाला इतका शब्दशः न्याय क्वचितच कोणी दिला असेल.

सौभाग्यवती परतल्या त्या जळका वास घेतच. मी मात्र तयारीत होतो. मी सांगितले की २०२०च्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत इंटरनेट तुटल्यामुळे निहाल सरीन आणि खुद्द आपल्या दिव्याचा डाव वेळ संपून हातचा गेला होता, आणि तरीही जागतिक संघटनेने सुवर्णपदक भारत आणि रशिया यांना विभागून दिले. मग मलाच काय तो दोष का?

त्यांनी शांतपणे कुकर उघडला, डाव तळापर्यंत खुपसला आणि दोन ताटे घेतली.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “आपणही विभागून घेऊ. वरची माझी, तळाची तुमची.”