“११५ चं इंजिन लावून बैलगाडी हाकायची का?” या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, आणि दोन ओळीत थँक्यू म्हणून सोडून देण्यासारखी ती नाहीये म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बाहेरच्या पाण्यात गळाने मासेमारीला जाताना २२ फुटी फायबर बोट १६ नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) आसपास ठेवा असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर दादांचं म्हणणं असं की त्यांची ११५ हॉर्सपॉवर इंजिनाची तेवढीच बोट २४ नॉटने आरामात जाते, १६ ने गेलं तर स्पॉटवर पोहोचेपर्यंत माशांची पहाटेची गळाला चावण्याची वेळ निघून जाते, पेट्रोल उलट जास्त जळतं, आणि माझ्यासारखे लोक नव्या पोरांना उगाच घाबरवतात.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. मी १६ हा एकच आकडा ठोकून दिला ही चूक झाली. फेब्रुवारीत पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून येतो, किनाऱ्याजवळ पाणी ताटासारखं असतं, अशा वेळी २४ ने जाण्यात काही वावगं नाही, मीही जातो. फक्त उजाडलेलं असू दे. अंधारात जाळ्यांचे बोये दिसत नाहीत आणि एकदा का प्रोपेलरला जाळं गुंडाळलं की त्या कोळ्याचंही नुकसान आणि आपलाही दिवस गेला.

आता वेळेचं. आपला स्पॉट साधारण १८ नॉटिकल मैल बाहेर धरू, म्हणजे ३३ किलोमीटर. २४ नॉटने ४५ मिनिटं, १६ ने ६८ मिनिटं. फरक २३ मिनिटांचा. सुरमईची वेळ गाठायची तर अर्धा तास आधी निघता येतं की हो. आणि खरं सांगू का, त्या ४५ मिनिटांत आपटत गेलेली माणसं पोहोचल्यावर पहिला अर्धा तास नुसती बसून असतात, एकाला मळमळतंय, एकाची मान धरलीये, जिगिंग (जड आमिष खाली-वर झटकत मासा पकडणं) करणार कोण? मी माझ्या डोळ्यांनी कितीतरी वेळा पाहिलंय हे.

पण मी १६ वर का आलो ते मूळ लेखात लिहिलंच नव्हतं, ते आज लिहितो.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आम्ही चौघं बाहेर होतो. सकाळी दोन गोबरे (ग्रूपर मासे) मिळाले, मग सगळं थंड. अकराच्या सुमाराला वायव्येला चार-पाच मैलांवर पक्षी घिरट्या घालताना दिसले, म्हणजे खाली कुपा (ट्यूना) उठलेला. वारा त्या दिवशी लवकर फिरला होता, वायव्येकडूनच येत होता, लाटा बारक्या पण उभ्या, आणि मी थ्रॉटल पुढे ढकलला. मीटरवर २२ होते. माझा मित्र पुढे नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापाशी, आइसबॉक्सवर बसला होता, पाठ माझ्याकडे, दोन्ही हातांनी रेलिंग धरलेलं. आठ-दहा लाटा व्यवस्थित गेल्या. मग एका लाटेवरून बोट सुटली आणि पलीकडे पाणीच नव्हतं, खड्डा होता. इंजिन हवेत आलं, आवाज एकदम चढला, आणि बोट आपटली ती डांबरी रस्त्यावर आपटल्यासारखी. आइसबॉक्सच्या पट्ट्याचं बकल तुटून माझ्या पायाशी आलं. मित्र काही बोलला नाही. मला वाटलं सांभाळलं त्याने. थ्रॉटल कमी करून पुढे गेलो तर त्याचा चेहरा पांढरा पडलेला, हात रेलिंगवरून सुटत नव्हते, एवढंच म्हणाला की कमरेखाली मुंग्या येतायत.

परत यायला तीन तास लागले, त्याला आडवं झोपवून, सहा नॉटने. मणक्याचा कॉम्प्रेशन फ्रॅक्चर निघाला. तीन महिने पट्टा.

ती लाट मला दिसली होती दादा. मी स्टिअरिंगपाशी उभा होतो, गुडघे सैल, हातात चाक, लाट येताना दिसतेय म्हणून अंग आपोआप तयार. बोट पुढून वर-खाली होते तेव्हा मागचा भाग त्या मानाने कमी हलतो, नाळेवरचा माणूस सगळ्यात जास्त उचलला जातो आणि सगळ्यात जोरात खाली येतो. म्हणजे स्पीड ठरवणारा एक आणि त्याचा मार खाणारा दुसरा. तुम्ही लिहिलंत ‘माझी बोट २४ ला आरामात जाते’, तेव्हा मला पहिला प्रश्न हाच पडला की आराम कुणाला? तुम्हाला असेल, खोटं नाही म्हणत.

आपटण्याचा जोर स्पीडच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो. १६ वरून २४ म्हणजे स्पीड दीडपट, पण धक्का ढोबळमानाने सव्वादोनपट. शिवाय धक्के जवळजवळ येतात. दुपारच्या आपल्या वाऱ्याची ५ सेकंदांची लाट धरा, खोल पाण्यात ती स्वतःच साधारण १५ नॉटने पळत असते आणि दोन लाटांमध्ये ३९ मीटरच्या आसपास अंतर असतं. तिच्या तोंडावर १६ ने गेलात तर दर अडीच सेकंदाला एक लाट, २४ ने गेलात तर दोन सेकंदाच्या आतच पुढची हजर. पहिल्या आपटण्यातून बोट सावरायच्या आत दुसरी.

आणि ‘आज एकच मीटर लाट आहे’ यावर फार विसंबू नका. इन्कॉइसच्या (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) अंदाजात लाटेची जी उंची असते ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एक मीटर लिहिलंय तेव्हा दिवसभरात एखादी जवळपास दोन मीटरची येतेच, आणि तुम्ही स्पीड ठरवलेला असतो सरासरी लाटेकडे बघून.

येताना गणित उलटं होतं, यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीये म्हणून सांगतो. दुपारी आपण पूर्वेला घरी येतो आणि वायव्येचा वारा डाव्या बाजूने मागून लागतो. धक्के कमी, म्हणून सगळे थ्रॉटल ठोकतात. पण लाटेपेक्षा जोरात गेलात की तिच्या पाठीवरून चढून पुढच्या उतारावर नाळ खाली रुतते आणि मागून शेपूट आडवं फिरतं, बोट लाटेला आडवी झाली की उलटायला वेळ लागत नाही. अशा वेळी इंजिन थोडं ट्रिम-आऊट करून, म्हणजे त्याचा कोन बोटीपासून बाहेर करून, नाळ वर ठेवायची आणि लाटेच्या पाठीवर बसून तिच्याच चालीने यायचं. तिची चाल १५, म्हणून माझा १६ चा आकडा, तो मुख्यतः इथून आला. जाताना समोरून लाट असेल तर याच्या उलट, ट्रिम आत, नाळ खाली, म्हणजे बोटीचा धारदार भाग पाणी कापतो, सपाट भाग आपटत नाही. ज्यांच्याकडून मी शिकलो ते एक म्हातारे तांडेल (बोट चालवणारे) एवढंच म्हणायचे, “लाटेर चढ, उतर, पण उडी मारू नको.”

खाडीच्या तोंडाशी तर अजून जपून. ओहोटीचं पाणी बाहेर येतंय आणि वारा आत ढकलतोय अशा वेळी लाट आखूड आणि उभी होते, वाळूच्या दांड्यावर फुटते. तिथे बाहेरच थांबून दोन-तीन लाटा मोजायच्या, मगच आत.

पेट्रोलचं तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. तासाला किती लिटर ते बघू नका, मैलाला किती ते बघा. माझ्या ११५ फोर-स्ट्रोकच्या मीटरवर १६ नॉटला मैलाला एक लिटरच्या आसपास, २४ ला १.२, आणि ९ नॉटला चक्क १.३. म्हणजे सगळ्यात वाईट स्पीड ८ ते ११ चा, बोट धड पाण्यात नाही धड पाण्यावर नाही, नाळ आकाशात, समोरचं काही दिसत नाही आणि इंजिन पीत सुटतं. तुम्हाला ‘हळू गेलं की जास्त जळतं’ हा अनुभव तिथलाच आला असणार. मी हळू म्हणतो ते हे नव्हे. पाणी इतकं खराब असेल की १३-१४ लाही आपटतेय तर मधे लटकत राहू नका, सरळ सहा-साडेसहावर या, मागे दोन लूअर (नकली आमिषं) सोडा आणि ते ओढत, म्हणजे ट्रोलिंग करत, घरी या. माझी एक चांगली साडेसात किलोची सुरमई अशाच नाइलाजाच्या परतीत लागलीये. १८ मैल जाऊन-येऊन तुमच्या-माझ्यात फरक पडेल तो सात लिटरचा, ते माझं मुख्य कारण कधीच नव्हतं.

घाबरवण्याबद्दल. नवीन पोरांना मी आता आकडा न सांगता एक टेस्ट सांगतो. सगळ्यात पुढे बसलेल्या माणसाला एका हाताने बाटली तोंडाला लावून, अंगावर न सांडता पाणी पिता आलं पाहिजे. नाही जमलं तर एक नॉट कमी करा, परत बघा. तोच त्या दिवशीचा, त्या लाटेचा, त्या बोटीतल्या माणसांचा स्पीड. इंजिन हवेत येऊन ओरडलं तर टेस्टचीही गरज नाही, स्पीड जास्त झालाय. आणि इंजिन बंद करायची लाल दोरी मनगटाला, हे तुम्हालाही सांगतो, रागावू नका.

मूळ लेखातला १६ चा आकडा काढून तिथे ही टेस्ट आणि जाताना-येतानाचं ट्रिम टाकतोय, दुरुस्तीचं श्रेय तुमच्या प्रतिक्रियेला देऊन. एक मात्र सांगा, तुमच्या बोटीच्या तळाचा व्ही किती अंशांचा आहे? वीसच्या वर असेल तर २४ माझ्या बोटीपेक्षा तुमच्या बोटीला नक्कीच जास्त सोसत असणार. आणि पुढच्या वेळी बाहेर जाल तेव्हा परतताना अर्धा तास चाक दुसऱ्या कुणाला देऊन स्वतः नाळेवर बसून या, मग इथे लिहा. मी वाट बघतोय.