तात्यांची स्थळपाहणी

आमचे तात्या साताऱ्याकडचे. 34 वर्षं तलाठी होते. ते निवृत्त झाले, त्यांची नजर मात्र अजून नोकरीत आहे. घरी आलेली लग्नपत्रिकासुद्धा ते खाडाखोड आहे का, हे पाहूनच वाचतात. "एकदा मुंबई दाखव. जुनं जुनं सगळं," असा त्यांचा फोन आला आणि मी लगेच हो म्हणालो. गावात मी 'मुंबईचा पुतण्या' म्हणून ओळखला जातो. त्या पदवीचं भाडं अधूनमधून भरावं लागतं. रजा मिळाली ती बुधवारची. बुधवारने काय बिघडतंय, असं तेव्हा वाटलं.

डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडली. ठाण्याला काकूंची पिशवी हातातून सुटली, ती थेट दादरला आमच्याच डब्यात पुन्हा भेटली. सीएसएमटीला उतरल्यावर तात्यांनी धोतर सारखं केलं, खिशातून वही काढली आणि म्हणाले, "हां. सांग."

मी रात्री जागून तयारी केली होती. बांधकाम 1878 साली सुरू झालं, राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या 1887 मध्ये तिचं नाव दिलं, स्थापत्यकार स्टीव्हन्स, 2004 पासून जागतिक वारसा. 1996 मध्ये नाव बदललं, पुढे त्यात 'महाराज' आलं.

"म्हणजे दोन फेरफार," तात्यांनी लिहून घेतलं. मग बोट वर केलं. "त्या घड्याळाखालचा कोनाडा रिकामा का?"

"तिथं राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर हलवला."

"कब्जेदार बेदखल. बरं, याच्या आधी इथं काय होतं?"

"बोरीबंदर. 1853 साली पहिली गाडी इथूनच ठाण्याला गेली."

"बंदर कुठाय?"

बंदर बुजलं, समुद्र मागे सरला, असं काहीबाही सांगून मी त्यांना फोर्टमध्ये नेलं. ही माझी मोठी चूक. ज्याचा जन्म अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गेला, त्याला फोर्ट म्हटल्यावर तट, बुरूज आणि दरवाजा लागतो. इथं झेरॉक्सची दुकानं आणि सँडविचवाले.

"1860च्या दशकात इंग्रजांनी तट पाडले, तात्या. शहर वाढवायला."

"आणि ते चर्चगेट?"

"ते गेट त्या तटालाच होतं."

तात्यांनी वहीत काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण बराच वेळ लिहीत होते.

हुतात्मा चौकात मात्र त्यांनी वही मिटली. मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांसमोर टोपी काढून उभे राहिले. काकूंनी हात जोडले. तिथं त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही आणि मीही तोंड उघडलं नाही.

पुढे काळा घोडा. घोडा समोर दिसल्यावर मला हायसं वाटलं. नाव घोड्याचं आणि जागेवर घोडा!

"यावर स्वार का नाही?"

खरं सांगणं आलं. मूळ पुतळा राजा सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा. लोकांनी राजाला विचारलं नाही, घोड्याचंच नाव चौकाला दिलं. 1965 साली राजा घोड्यासकट भायखळ्याला गेला. मग पन्नासएक वर्षं काळा घोडा म्हणजे बिनघोड्याची जागा होती. हा नवा घोडा 2017चा, मुद्दामच बिनस्वाराचा.

"म्हणजे खरा घोडा भायखळ्याला," तात्या म्हणाले. खाली दोन रेघा ओढल्या.

वस्तुसंग्रहालयात आम्ही तीन तास होतो. अकबराचं चिलखत पाहिलं, सिंधमधल्या मीरपूरखासहून आणलेले बुद्ध पाहिले. काकूंना सगळ्यांत जास्त आवडला तो बाक. इमारत संग्रहालयासाठीच बांधली, पण पहिल्या महायुद्धात तिथं लष्करी इस्पितळ होतं आणि संग्रहालय उघडलं ते 1922 साली, हे मी चुकून बोलून गेलो. "वापरात बदल. परवानगी घेतली होती का?" तात्यांनी दारावरच्या पहारेकऱ्याला विचारलं. तो बिचारा बॅगा तपासत होता.

गेटवेवर तर मी स्वतःहूनच कबूल केलं. राजा पंचम जॉर्ज 1911 साली आला, त्याच्या स्वागताची ही कमान पुरी झाली 1924 साली. तो आला तेव्हा पुठ्ठ्याची होती. 1948 साली शेवटची गोरी पलटण मात्र या पक्क्या दरवाज्यातून गेली.

"आमच्याकडच्या शाळेची इमारत अशीच आहे," तात्या समजुतीनं म्हणाले. "बांधून झाली तोवर पोरं बाप झाली."

एवढ्यात लाँचवाला ओरडला, "एलिफंटा, एलिफंटा!"

"म्हणजे हत्ती ना? तिथं हत्ती आहे?"

मी समुद्राकडे पाहिलं. घारापुरीला दगडी हत्ती होता, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी ते नाव दिलं. 1864 साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो मोडला. पुढे तुकडे जोडून उभा केला.

"कुठं?"

"भायखळ्याला."

तात्या ताडकन वळले. "चल भायखळ्याला."

टॅक्सीत ते खुशीत होते. घोडा तिथं, हत्ती तिथं, वर भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872चं. एका जागी सगळी पाहणी आटोपणार. राणीच्या बागेच्या फाटकावर पहारेकरी डबा खात बसला होता. आमच्याकडे न बघताच म्हणाला, "आज बुधवार. बाग बंद. म्युझियमपण बंद."

काकू तिथंच कट्ट्यावर टेकल्या. मी चहा आणला. तात्यांनी वहीतला पंचनामा वाचून दाखवला : बंदर, जागेवर नाही. किल्ला, जागेवर नाही. चर्चगेटचं गेट, नाही. घोडा आहे, स्वार नाही. हत्ती असल्याचे समजते, पाहणी होऊ शकली नाही.

"पंच म्हणून सही कर. पत्ता पण टाक."

मी सही केली आणि सवयीनं खाली लिहिलं, मुंबई.

तात्यांनी चष्मा लावला. खिशातून सकाळचं लोकलचं तिकीट काढलं, त्यावरचं स्टेशनचं नाव सावकाश वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या नावापुढं बारीक अक्षरात लिहिलं : जागेवर नाही. सध्या जिल्हा ठाणे.