भावोजी, फोनजवळ बसा

हॉट सीटवर बसलेल्या माणसाचे हाल सगळा देश बघतो. त्याला घाम फुटतो, तो पाणी पितो, अमिताभ बच्चन त्याला धीर देतात. पण उत्तर अडलं तर फोन लावायला, म्हणजे ‘फोन अ फ्रेंड’साठी, त्याने ज्याचं नाव दिलेलं असायचं, तो कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी दिवाणखान्यात फोनसमोर ताटकळत बसलेला असायचा. त्याला ना पाणी विचारत कुणी, ना धीर देत. मी तो माणूस होतो.

३ जुलै २००० ला स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं. हा मूळचा इंग्लंडातला खेळ, तिकडे आयटीव्हीवर १९९८ च्या सप्टेंबरात सुरू झालेला, हे आमच्या डोंबिवलीत कुणाच्या गावीही नव्हतं. तीच निळी रोषणाई, तेच काळजात धडधडणारं संगीत, तीच उंच खुर्ची, सगळं तिकडून जसंच्या तसं आलं होतं. फक्त तिकडच्या सूत्रसंचालकाच्या, क्रिस टॅरंटच्या, जागी बच्चन होते, आणि आमच्या दृष्टीने खेळ त्यांनीच शोधून काढला होता. सोमवार ते गुरुवार रात्री नऊच्या आत इमारतीतली जेवणं उरकलेली असत. (२०१३ मध्ये ‘कोण होईल मराठी करोडपती’ घेऊन सचिन खेडेकर आले तेव्हा प्रश्न मराठीत आल्यामुळे उत्तरं आपोआप येतील असा आमच्याकडे काहींचा समज झाला होता. तो पहिल्या आठवड्यातच उतरला.)

त्या वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेने एक कोटी जिंकले आणि घराघरात आग लागली. यूपीएससीचा अभ्यास करणारा मराठी मुलगा! संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा राज्यघटना कुणाला देते, या शेवटच्या प्रश्नाचं ‘महान्यायवादी’ हे उत्तर त्याने दिलं, आणि त्या रात्री महाराष्ट्रातल्या बहुतेक आयांनी आपापल्या मुलाकडे एकदा नीट बघून सुस्कारा सोडला असावा. माझ्या सासूबाईंनी तर नक्कीच सोडला, कारण दुसऱ्या दिवसापासून माझा मेहुणा फोन फिरवायला बसला. लाइन लागायची नाही. रीडायलचं बटण आत गेलं ते बाहेर येईना. शेवटी लागली, आणि कसा कोण जाणे, तो निवडलाही गेला.

आता आमची पाळी आली. कारण फोन करायच्या माणसांची यादी द्यायची होती.

लग्नपत्रिकेत कुणाचं नाव कितव्या ओळीत येतं यावरून आमच्या सासरी दोन घरांचं बोलणं बंद झालेलं आहे. आणि ही तर हुशार माणसांची यादी! यात नाव नसणं म्हणजे घराण्याने तुम्हाला लेखी मठ्ठ ठरवणं. मेहुण्याने कॉलेजातल्या एका सरांचं नाव घातलं, ते चाललं. बाहेरच्या माणसाबद्दल कुणाची तक्रार नसते. दिल्लीतल्या मित्राचंही चाललं. आणि मग त्याने माझं घातलं.

“मी कशासाठी?” मी विचारलं. “सर विज्ञान सांभाळतील, तो दिल्लीवाला राजकारण सांभाळेल. माझा विषय काय?”

“तुम्ही जनरल, भावोजी.”

जनरल म्हणजे ज्याला काहीच धड येत नाही, पण जो घरी सापडतो.

खरी खळबळ उडाली ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे चुलत सासरे. पोस्टातून निवृत्त. पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवणारे. टीव्हीवर बरोबर उत्तर हिरवं झालं की “मी हेच म्हणत होतो” असं शांतपणे सांगणारे. नवाथे जिंकल्यावर त्यांनी वही घातली होती आणि तिच्या पहिल्या पानावर ‘महान्यायवादी’ लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, जणू तोच प्रश्न पुन्हा विचारणार. त्यांना यादीत न घेण्याचं कारण अगदी साधं होतं. त्यांना फोनवर ऐकू येत नाही. कुणाचाही फोन आला की पहिलं अर्धं मिनिट “कोण? कोण बोलतंय?” यातच जातं, आणि फोन-मित्राला मिळायची मोजून ३० सेकंद. पण हे त्यांना सांगणार कोण? सासूबाई म्हणाल्या, जावयाने सांगावं. जावयाच्या वाट्याला अशीच कामं येतात.

मी नाही सांगितलं. त्यामुळे अण्णांनी स्वतःच तर्क केला, की जावयाने वशिला लावून आपली जागा घेतली.

मग तालीम सुरू झाली. त्या ३० सेकंदांत मेहुण्याने प्रश्न वाचायचा, चारही पर्याय वाचायचे, मी विचार करायचा आणि उत्तर द्यायचं. बायको घड्याळ घेऊन बसली. आतल्या खोलीतून तिच्या भावाने फोन केल्याचं सोंग केलं. “हॅलो भावोजी, काय, बरे आहात ना? ताई कशी आहे?” नऊ सेकंद संपली. “जेवणं झाली?” बारा. मराठी माणसाला जेवण न विचारता फोनवर बोलता येत नाही, हे साहेबाने खेळ बांधताना लक्षात घेतलेलं दिसत नाही. याच खेळाच्या अमेरिकेतल्या पहिल्या विजेत्याने, जॉन कार्पेंटरने, शेवटच्या प्रश्नाला वडिलांना फोन लावला होता, तो फक्त ‘मी जिंकतोय’ एवढं कळवायला. आमच्याकडे त्या वडिलांनी आधी तिकडचा पाऊस विचारला असता.

मदतीला अख्खं कुटुंब नेमलं. मुलाकडे क्रिकेट, आईकडे रामायण-महाभारत, बायकोच्या मांडीवर जाडजूड इयरबुक. तेव्हा घरात इंटरनेट नव्हतं. पुढे ते आलं आणि फोनच्या पलीकडची मंडळी सरळ कीबोर्ड बडवायला लागली, म्हणून २०१० मध्ये अमेरिकेत ही लाइफलाइनच काढून टाकली. आमचं सर्च इंजिन म्हणजे बायको आणि चष्मा. चष्मा सापडला तर.

चित्रीकरणाचा दिवस आला. फोन मोकळा ठेवायचा, असा हुकूम होता. मी रजा टाकून दुपारपासून क्रोशाचं कव्हर काढून टाकलेल्या त्या फोनसमोर बसलो.

पहिला फोन दोन वाजता. मी झडप घातली. सासूबाई. “आला का फोन?”

“नाही आला.”

“बरं, मग ठेवते. लाइन मोकळी असू दे.”

अर्ध्या तासाने पुन्हा वाजला. “आला का?” आमची लाइन मोकळी आहे की नाही हे तपासण्यासाठी त्या दुपारभर ती अडवत राहिल्या. मध्येच विम्याचा एजंट. मग एक राँग नंबर, त्याला गॅस एजन्सी हवी होती आणि सिलिंडर मिळाल्याशिवाय तो फोन ठेवायला तयार नव्हता. त्यातच शेजारच्या मावशींच्या बहिणीचा फोन आला, कारण मावशींनी गावभर आमचाच पी.पी. नंबर (निरोपासाठी शेजाऱ्याचा फोन) दिलेला. “आज नाही, आज करोडपतीचा फोन यायचाय,” असं मी म्हणालो. पाच मिनिटांत मावशी, त्यांच्या दोन सुना आणि तिसऱ्या मजल्यावरचे तिघे आमच्याकडे येऊन बसले. बायकोने चहा टाकला. एकजण सारखा खोकत होता. इंग्लंडातल्या याच खेळात खोकल्याच्या खुणेवर उत्तरं घेतली म्हणून पुढे एका ब्रिटिश मेजरला कोर्टाने दोषी धरलं. आमच्या दिवाणखान्यातला खोकला मात्र प्रामाणिक, निव्वळ छातीतला होता.

अंधार पडला. चहाचा तिसरा घाणा झाला. फोन सरांकडे नाही, दिल्लीला नाही, माझ्याकडेही नाही.

रात्री उशिरा मेहुण्याने एसटीडी बूथवरून फोन केला तेव्हा कळलं. हॉट सीटपर्यंत जायला आधी दहा जणांत ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’ जिंकावं लागायचं. चार नावं क्रमाने लावायची, बरोबर लावणाऱ्यांत जो सगळ्यात चपळ तो आत. मेहुण्याने क्रम अगदी बरोबर लावला होता. पण एका गृहस्थाने तो आधी लावला, आणि मग ते हॉट सीटवर इतके निवांत खेळले, की दुसऱ्या कुणाला संधीच आली नाही.

थोडक्यात, एवढ्या तालमी झाल्या त्या प्रश्नाला येणाऱ्या फोनच्या. बटण दाबायची तालीम कुणीच घेतली नव्हती.

भाग लागला त्या रात्री सगळे आमच्याकडे जमले. बच्चन यांनी दहाही जणांची नावं घेतली. मेहुणा नवीन शर्टात होता, नाव आल्यावर त्याने हात जोडले आणि कॅमेरा पुढे गेला. सासूबाईंनी डोळे पुसले. मुलाने टाळ्या वाजवल्या.

अण्णा मात्र पुढे सरकून, हाताची घडी घालून शेवटपर्यंत बघत होते. जाहिरात लागल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून निकाल दिला.

“घोळ यादीत होता. मागे भक्कम माणूस आहे म्हटल्यावर बोट कसं झरझर चालतं.”

“खरंय हो,” सासूबाई म्हणाल्या.

“काय?” अण्णा म्हणाले.