जे नाही ते बिघडत नाही

जुनी गाडी शेवटची बंद पडली तेव्हा ढकलणाऱ्यांपैकी एकाने दम खात विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" मी म्हटलं, "तुम्ही ढकलाल तितकं." त्याच धापेत नवी घ्यायचं ठरलं.

टेस्ट ड्राइव्हला टर्बो पेट्रोल मिळाली. ॲक्सिलरेटर दाबला आणि पाठ सीटला चिकटली! वयातली वीसेक वर्षं मागच्या सीटवर जाऊन पडली. तिथे बसलेल्या बायकोने "सिग्नल" एवढंच म्हटलं. १२० घोडे लाल दिव्यापाशी एका रिक्षामागे मुकाट उभे राहिले.

इंजिनात जादा हवा कोंबणारं टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं, हे मी मेकॅनिकला भारावून सांगितलं. तो भारावला नाही. "मग त्याचं ऑइल वेळेवर बदलाल?" ज्या माणसाने वायपरचं रबर झिजून पत्रा काचेला लागेपर्यंत बदललं नाही, तो यावर काय बोलणार?

"मग डिझेल? पिकअप आणि ॲव्हरेज, दोन्ही."

"रोजचं रनिंग?"

"चार किलोमीटर."

"काजळीचा फिल्टर तुंबेल. ती काजळी जळायला गाडी चांगली तापावी लागते. तुम्हाला काजळी जाळायला रजा टाकावी लागेल." मग त्याने आपलं तत्त्वज्ञान ऐकवलं. "साहेब, जे गाडीत नाही ते बिघडत नाही."

"या हिशेबाने सायकलच घ्यायला हवी."

"घ्या की!"

रात्री वही घेऊन ॲव्हरेजच्या मागे लागलो. लिटरला २० ऐवजी २५ किलोमीटर देणारी गाडी घेतली तर हजार किलोमीटरमागे १० लिटर वाचतात. आणि आमच्या १० देणाऱ्या म्हातारीच्या जागी नुसती १२ देणारी आणली तरी १६ लिटरहून जास्त! पाचाने वाढलं तर दहा, दोनाने वाढलं तर सोळा? तीनदा मांडलं, तीनदा तेच आलं. पेन्सिल ठेवून दिली. तसंही सिग्नलला इंजिन चालू ठेवून उभं राहिलं की सगळ्या गाड्यांचं ॲव्हरेज शून्यच.

शेवटी टर्बो नसलेली, साध्या इंजिनाची, साध्या गिअरची गाडी घेतली. चढावर ती एवढा विचार करते की मागचे हॉर्न वाजवून तिला सल्ला देतात. पण रोज सकाळी पहिल्या चावीला सुरू होते.

परवा मेकॅनिकचा फोन आला. आवाज जरा उतरलेला होता.

"साहेब, बरेच महिने आला नाहीत. माझं काही चुकलं का?"