कर्जे कोट्यवधी वाटली, मग कारखाना का वाढत नाही?

लघुउद्योगांविषयीचा एक दावा सध्या मोठ्या आवडीने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा की, मुद्रा योजनेमुळे आता कोणालाही विनातारण कर्ज मिळते आणि ऑनलाइन अर्ज केला की ५९ मिनिटांत मंजुरी येते, त्यामुळे भांडवल मिळत नाही ही तक्रार जुनी झाली आहे. ज्याच्यात धमक असते तो कर्जाशिवायही मोठा होतो आणि उरलेले लोक घेतलेले कर्ज बुडवतात. वाढ खुंटण्याचा सारा दोष मालकांच्या वृत्तीवर टाकणारे हे विधान राबणाऱ्या असंख्य माणसांवर अन्याय करणारे आहे, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतून पहिल्या दहा वर्षांत ५२ कोटी कर्जे दिली गेली आणि त्यांची एकूण रक्कम ३२ लाख ६१ हजार कोटी रुपयांच्या घरात गेली, हे खरे आहे. पण साधा भागाकार केला तर एका कर्जाची सरासरी रक्कम ६२-६३ हजार रुपये निघते. एवढ्या पैशांत शिलाई यंत्र घेता येते किंवा दुकानात माल भरता येतो आणि ज्याला ते मिळाले त्याच्यासाठी ती मोठीच मदत असते. परंतु सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपला धातूचे भाग संगणकाच्या नियंत्रणाखाली कापणारे साधे व्हीएमसी यंत्र घ्यायचे झाले तरी वीस लाखांच्या पुढे जावे लागते. शिवाय ही योजना व्यापार, सेवा आणि उत्पादन या तिन्हींसाठी आहे. तिच्यातील कर्जांची संख्या दाखवून कारखानदारीची भूक भागली असे म्हणता येत नाही.

दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच घातला. त्यापुढच्या कर्जांसाठी पतहमी निधी आहे, म्हणजे कर्ज बुडाले तर बँकेला नुकसानीचा मोठा भाग भरून देणारी व्यवस्था. केंद्र सरकार आणि लघुउद्योगांसाठीची सिडबी ही विकास बँक यांनी तो २००० साली स्थापन केला आणि एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा दहा कोटींपर्यंत नेण्यात आली. मात्र ही हमी बँकेला मिळते, कर्जदाराला नाही. तिचे शुल्क बहुधा कर्जदाराच्याच माथी पडते आणि तिचा लाभ घ्यायचा की घर गहाण मागायचे, हे शेवटी बँकच ठरवते. भाड्याच्या गाळ्यात काम करणाऱ्याकडे गहाण ठेवायला जागाच नसते. ज्याच्याकडे एमआयडीसीचा भूखंड आहे, त्यालाही तो भाडेपट्ट्याचा असल्यामुळे गहाण ठेवण्यासाठी महामंडळाची संमती आणावी लागते. राहिली ५९ मिनिटांची गोष्ट: त्या वेळात मिळते ती केवळ तत्त्वतः मंजुरी, आणि कागदपत्रांची खरी छाननी शाखेत गेल्यावर सुरू होते.

भांडवल मिळाले म्हणून कारखाना वाढतोच असे नाही, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादमध्ये केलेल्या पाहणीत लहान गटकर्जांमुळे सर्वसाधारण कुटुंबाचा व्यवसाय फारसा वाढल्याचे दिसले नाही. पण याच दोघांनी दुसरा एक अभ्यास केला होता, आणि तो या दाव्यात कधीच येत नाही. बँकांनी आपल्या कर्जांचा ठरावीक वाटा ज्यांना द्यायलाच हवा, त्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जासाठी यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीची मर्यादा १९९८ साली ६५ लाखांवरून तीन कोटींवर नेण्यात आली आणि २००० साली पुन्हा एक कोटीवर आणली गेली. या बदलामुळे जे उद्योग नव्याने पात्र ठरले त्यांना बँकेकडून जास्त कर्ज मिळाले, आणि त्यांनी ते जुनी देणी फेडायला न वापरता उत्पादन वाढवायला वापरले. त्यांची विक्री आणि नफा दोन्ही वाढले. म्हणजेच आधी त्यांना रोखून धरणारी गोष्ट मालकाची वृत्ती नव्हती.

सगळ्यात कमी बोलले जाते ते खेळत्या भांडवलाबद्दल, म्हणजे रोजच्या व्यवहाराला लागणाऱ्या पैशाबद्दल, आणि माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे. महिन्याला दहा लाखांचा माल देणारे एखादे मशीन शॉप घ्या. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या सूत्रानुसार त्याला वार्षिक उलाढालीच्या २० टक्के, म्हणजे २४ लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा (गरजेप्रमाणे उचलता आणि परत भरता येणारे कर्ज) मिळायला हवी. ग्राहक कंपनी ९० दिवसांनी पैसे देत असेल तर ३० लाख रुपये नुसत्या बिलांत अडकतात. पोलादाचा व्यापारी इतके दिवस थांबत नाही, पगार आणि वीजबिल तर महिन्याच्या महिन्यालाच द्यावे लागते, आणि ग्राहकाने पैसे दिले नसले तरी त्या बिलावरचा जीएसटी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो. त्यात दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे शिल्लक माल आणि येणी यांच्या तक्त्यावरून, बँक ड्रॉइंग पॉवर (त्या महिन्यात किती रक्कम उचलता येईल तो आकडा) काढते, तेव्हा ९० दिवसांहून जुनी येणी ती सर्वसाधारणपणे हिशेबातून वगळते. ग्राहकाने उशीर केला की ज्या महिन्यात पैशाची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच महिन्यात उचल कमी होते. अशा वेळी मोठी ऑर्डर आली तर मालक ती नाकारतो. बाहेरून पाहणाऱ्याला यात धमक कमी पडल्यासारखी वाटते, पण हातात कच्चा माल घ्यायलाही पैसे नसताना ऑर्डर घेणे हा आत्मघात ठरला असता.

४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्यात आहे आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही लागू होते. पण ज्याच्या कामावर वर्कशॉप चालते त्याच एका ग्राहकाविरुद्ध तक्रार करायला कोण धजावेल? अलीकडे प्राप्तिकर कायद्यात केलेली तरतूद याहून उपयोगी आहे, कारण वेळेत न दिलेली रक्कम ग्राहक कंपनीला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही आणि पुरवठादाराला स्वतः भांडावे लागत नाही. येणे असलेले बिल मुदतीआधी वटवून पैसे मिळवण्यासाठीची ट्रेड्स ही ऑनलाइन व्यवस्थाही चांगली आहे. मात्र तिथे ग्राहक कंपनीने बिल मान्य केल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही.

कर्जाशिवाय मोठे झालेल्यांच्या कथा सांगताना आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव हमखास घेतले जाते. त्यांची जिद्द वादातीत आहे. पण बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलच्या माळावर जमीन आणि आर्थिक साहाय्य दिले, म्हणून १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहू शकली, हेही त्याच इतिहासात आहे.

आता बुडवेगिरीचा आरोप. बँकांच्या थकीत कर्जांचा डोंगर मोठा होता त्या २०१८ साली, पाच कोटींहून अधिक कर्ज असलेल्या मोठ्या कर्जदारांचा एकूण कर्जातील वाटा निम्म्याहून थोडा अधिक, तर थकीत कर्जातील वाटा चार-पंचमांशाहून अधिक होता. लहान कारखान्यांची खातीही थकतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ती कशी थकतात ते पाहिले पाहिजे. उचललेली रक्कम ड्रॉइंग पॉवरपेक्षा सलग ९० दिवस जास्त राहिली की कॅश क्रेडिट खाते अनुत्पादक, म्हणजे थकीत, ठरते, आणि ड्रॉइंग पॉवर घटण्याचे कारण अनेकदा दुसऱ्याच कोणाचे तरी न आलेले बिल असते. उशीर ग्राहक कंपनीचा असतो, सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे पतगुण, मात्र वर्कशॉपच्या मालकाचे खराब होते, आणि पुढची बँक दारात उभे करत नाही ती त्यालाच.