डबे पोरांचे तपासता, पण ते भरतं कोण?

आज दुपारी बहिणीचा फोन आला. रडत होती. भाचा अंगाने जरा गुटगुटीत आहे. आज त्याच्या वर्गात छोट्या सुट्टीत बाईंनी डबे तपासले. त्याच्या डब्यात नूडल्स आणि क्रीमची बिस्किटं निघाली, तर त्याला पुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "असलं खातोस म्हणून असा दिसतोस." चौथीतलं पोर आहे हो! अख्खा वर्ग हसला. त्याने डबा तसाच बंद केला आणि उपाशी घरी आला.

नुसता संताप झालाय माझा. त्याच शाळेच्या कॅन्टीनमध्ये वेफर्स आणि कोल्ड्रिंक राजरोस मिळतं. तेल, साखर, मीठ ठासून भरलेले पदार्थ शाळेत विकायचे नाहीत, फाटकापासून ५० मीटरच्या आतही नाहीत, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, २०२० चा नियम आहे. आपल्या राज्याने तर २०१७ मध्येच शाळांच्या कॅन्टीनमधून जंक फूड काढायचा जीआर काढला होता. तो वाचायचा कुणी, चौथीतल्या पोराने?

आणि एकट्या शाळेला तरी काय बोलू? मे महिन्यात नाशिकला आमच्याकडे मुंज होती. पंगतीत एका काकांनी भाच्याचा गाल ओढला, "काय रे, कुठल्या चक्कीचं पीठ खातोस?" सगळे हसले. थोड्या वेळाने तेच काका जिलबीचं ताट घेऊन याच्यापुढे हजर. "घे रे, लाजतोस काय, खायचेच दिवस आहेत तुझे." पोरगं नको नको म्हणत होतं, दोन्ही हात पानावर आडवे धरले होते. काकांनी हातांच्या फटीतून जिलबी सोडलीच. पाक मनगटावरून ओघळून नव्या झब्ब्याच्या बाहीत गेला. आधी हसायचं आणि मग वाढायचं, ही कुठली माया?

आईवर मात्र मला रागावता येत नाही. ७२ च्या दुष्काळात ती लहान होती. सुकडी आणि लाल मिलो ज्वारीची भाकरी खाऊन दिवस काढलेत तिने. नातू गुटगुटीत दिसला की तिचा जीव निवतो. त्याच्या वरणभातावर तुपाची धार धरते, तेव्हा तिचा हात कोण धरणार? तिला समजावून सांगावं लागेल, हळूहळू.

बहीण सकाळी सातची लोकल पकडते, नूडल्स झटपट होतात, मान्य. पण घरात भाऊजी आहेत ना? रात्री मटकी भिजत घालायला आणि सकाळी ती फोडणीला टाकायला पोराची आईच कशाला लागते? पोराला एकट्याला 'डाएट'वर बसवायचं आणि बाकीच्यांनी टीव्हीसमोर फरसाणाचा डबा उघडायचा, असं कसं चालेल? काही मुलांच्या वजनामागे आजार असतो, अंगकाठी घराण्यातून येते, तेही खरं. ते डॉक्टर बघतील. फरसाण तर आपण आणतो!

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं माप ठरलेलं आहे. खिचडी कुठे चांगली, कुठे पातळ, तक्रारी असतातच. पण त्या ताटाचा विचार तरी कुणीतरी केलाय. आपण भरमसाट फी भरणारे, आपल्या पोरांच्या खाण्याला काही माप?

राहून राहून मला त्याचे ते पानावर धरलेले हात आठवतायत. पोराला कळत होतं, त्याचं पोट भरलं होतं. ऐकलं नाही ते आपण मोठ्यांनी.

उद्या बहिणीबरोबर मी शाळेत जाणार आहे. बाईंनी त्याच वर्गासमोर त्याची समजूत काढावी आणि कॅन्टीनमधली ती पाकिटं आधी उचलावीत, एवढंच मागणार आहे. तुमच्यापैकी ज्यांची मुलं त्या शाळेत आहेत, त्यांनी बरोबर या. आणि दिवाळीत आमच्याकडे फराळाला येणाऱ्या समस्त नातेवाइकांनो, आत्ताच सांगून ठेवते. माझ्या भाच्याच्या अंगावरून एक शब्द काढायचा नाही, आणि तो नको म्हणाला की वाढायचं नाही.