आपल्या खात्याचे व्यवहार आपल्याला नीट फाइलमध्ये मिळालेच पाहिजेत

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका चादर-टॉवेलच्या पेढीवर मी हिशेब बघते. तिथं रोजची कीर्द पूर्ण होऊन शिल्लक जुळल्याशिवाय कुणी उठत नाही. घरचा हिशेबही तितकाच चोख असावा, असं मला मनापासून वाटतं, म्हणून तो मी ग्नूकॅशमध्ये ठेवते. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, डेटा आपल्याच कॉम्प्युटरवर राहतो आणि पद्धत तीच, दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत मांडायचा. पगार, वाण्याचं बिल, शाळेची फी, एलआयसीचा हप्ता, सासऱ्यांची पेन्शन, सगळं एका ठिकाणी दिसतं.

अडतं फक्त बँकेचे व्यवहार त्यात उतरवून घेताना. आणि हे अडणं तांत्रिक नाही. बँकांनी मनावर घेतलं तर महिन्याभरात सुटेल असा हा प्रश्न आहे, पण मागणारं कुणी नाही म्हणून तो तसाच पडून आहे.

बँकेच्या साइटवरून स्टेटमेंट उतरवलं की काय हातात येतं बघा. एक तर पासवर्ड लावलेली पीडीएफ, नाहीतर एक्सेल म्हणवणारी फाइल, जी उघडताना एक्सेलच सांगतं की आतला मजकूर नावाशी जुळत नाही. वर कितीतरी ओळी नाव, पत्ता, शाखा, आयएफएससी यांच्या. मग कुठेतरी खाली रकाने सुरू होतात. सीएसव्ही दिलीच तर रक्कम १,२५,०००.०० अशी स्वल्पविरामासकट. सीएसव्हीत रकाने स्वल्पविरामानेच वेगळे होतात. त्यामुळे बँकेने रक्कम अवतरणचिन्हांत टाकली नसेल तर सव्वा लाखाचे तीन तुकडे होतात: एका रकान्यात १, शेजारी २५, त्याच्या शेजारी ०००.००. तारखेचंही तसंच. ०५/०४ म्हणजे आपल्या लेखी ५ एप्रिल, पण कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर ठेवलेला असेल तर तो ४ मे धरतो आणि तारीख १२ च्या आतली असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो. एक्सेल ११ अंकांपर्यंतचा आकडा सरळ दाखवतं. त्यापुढचा असेल तर त्याचं २.३४ई+११ असं काहीतरी करून टाकतं. तशीच फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की मूळ क्रमांक कायमचा गेला. उद्या एखाद्या पेमेंटची तक्रार करायची वेळ आली तर पहिल्यांदा तोच क्रमांक विचारतात. म्हणून बँकेची फाइल एक्सेलमध्ये उघडून परत सेव्ह करू नका. मूळ प्रत बाजूला ठेवा आणि तो रकाना टेक्स्ट म्हणून आयात करा.

सगळ्यात जास्त त्रास तपशिलाचा. पैसे कुणाला गेले ते नाव मध्येच तोडलेलं असतं. आपल्या सोलापुरात किराणा, मेडिकल, झेरॉक्स, रसवंती, निम्म्या दुकानांची नावं ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या नावानं सुरू होतात. स्टेटमेंटमध्ये ओळीमागून ओळ ‘श्री सिद्धे’, ‘श्री सिद्धे’, ‘श्री सिद्धे’. यातलं औषधाचं कुठलं आणि वाणसामानाचं कुठलं, हे माणसाला सांगता येत नाही, मग सॉफ्टवेअरला कुठून सांगता येणार? ग्नूकॅश आधीच्या नोंदींमधले शब्द बघून नवीन व्यवहार कुठल्या खात्यात टाकायचा ते स्वतः सुचवतं. फार उपयोगाची सोय आहे, पण तपशील पूर्ण असेल तरच. पासबुकात आणि स्टेटमेंटमध्ये नोंदींचा पुरेसा तपशील द्या, पैसे घेणाऱ्याचं नाव द्या, असं परिपत्रक रिझर्व्ह बँकेने २२ जून २०१७ रोजी काढलेलं आहे. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही.

यावर उपायही जुनाच आहे. ओएफएक्स नावाचं फाइलचं स्वरूप मायक्रोसॉफ्ट, इंट्युइट आणि चेकफ्री या कंपन्यांनी मिळून १९९७ मध्ये आणलं, नेमकं याच कामासाठी. त्यात बँक प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक देते. तीच फाइल चुकून दोनदा आयात केली तरी सॉफ्टवेअर ओळखतं की ही नोंद आपल्याकडे आहे. सीएसव्हीत तसा क्रमांक नसतो. मग एकाच दिवशी एकाच टपरीवर दोनदा वीस-वीस रुपये दिले असतील, तर ती दुबार नोंद समजायची की खरंच दोन चहा? अशा जागी माणसाला बसून ठरवावं लागतं.

कुणी म्हणेल, मेसेज येतातच की, पासबुक भरून आणता येतं, एवढा खटाटोप कशाला? त्यांना अशोक चौकाकडच्या एका ओळखीच्या घरातली गोष्ट सांगते. आईची दोन बँकांत दोन खाती. एकात पेन्शन, दुसऱ्यात जुनी ठेव. दोन्हींचे व्यवहार मुलीने एका वहीत आणले आणि मे महिन्यात दोन्हीकडून ४३६ रुपये गेलेले एकाखाली एक दिसले. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वार्षिक हप्ता. ही योजना एका माणसाला एकाच खात्यातून घेता येते. दोन ठिकाणी नाव असलं तरी भरपाई २ लाखच मिळते आणि जास्तीचा हप्ता बुडीत जाऊ शकतो. दोन्ही पासबुकं त्यांच्या कपाटात होती, दोन्ही भरलेली होती. पण वेगवेगळी बघितली तर दोन्ही बरोबर दिसतात. एकत्र आणल्यावरच दुबार कपात कळते. मुलीने एका शाखेत अर्ज देऊन ऑटो-डेबिट बंद करून घेतलं.

आणि वेळेचा मुद्दा आहेच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही अशा फसवणुकीत बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीही जबाबदारी येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत येते. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. जो दर आठवड्याला व्यवहार उतरवून मेळ घालतो त्याला या नियमाचा फायदा मिळण्याची शक्यता जास्त. वर्षाअखेरीला पासबुक भरणाऱ्याला तो कसा मिळणार?

फाइल नीट मिळत नाही म्हणून लोक आडवाटेने जातात, याची मला खरी काळजी आहे. मोबाइलमधले सगळे मेसेज वाचायची परवानगी मागणारी हिशेबाची अ‍ॅप्स घेतात. त्याच मेसेजांत ओटीपीही येतात, हे विसरतात. पीडीएफचं एक्सेल करून देतो म्हणणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर स्टेटमेंट चढवतात, पासवर्डसकट. त्यात आपलं नाव, पत्ता, खाते क्रमांक, पगार, कर्जाचे हप्ते सगळं असतं. पीडीएफमधून तक्ता काढणारं टॅब्युलासारखं फुकट सॉफ्टवेअर आपल्या कॉम्प्युटरवरच चालतं, ते वापरा. नेट बँकिंगचा पासवर्ड तर कुठल्याच सॉफ्टवेअरला देऊ नका, जाहिरात कितीही गोड असो.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. आपल्या देशात स्वच्छ, कॉम्प्युटरला वाचता येईल असा डेटा द्यायची यंत्रणा तयार आहे. अकाउंट अ‍ॅग्रिगेटर. रिझर्व्ह बँकेने तिचे नियम २०१६ मध्ये केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आठ मोठ्या बँकांसह ती सुरू झाली. ग्राहकाने संमती दिली की बँकेतला डेटा कुलूपबंद स्वरूपात मागणाऱ्याकडे जातो, मधल्या कंपनीला तो वाचता येत नाही. योजना उत्तमच आहे. पण डेटा घेणारी संस्था रिझर्व्ह बँक, शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सेबी, विमा किंवा पेन्शन नियामक यांच्यापैकी कुणाच्या तरी देखरेखीखालची असावी लागते. म्हणजे कर्ज देणाऱ्या कंपनीला माझे व्यवहार नीट रकान्यांत मिळतात आणि मला माझ्याच ग्नूकॅशसाठी ते या वाटेने मिळत नाहीत. हे मला अन्यायाचं वाटतं. आपला डेटा आपल्याला वापरण्याजोग्या स्वरूपात मिळण्याचा हक्क २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात होता. २०२३ च्या कायद्यात तो राहिला नाही.

सरकारला हे जमत नाही असंही नाही. आयकर खात्याच्या पोर्टलवरून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, पीडीएफसोबत जेसन (हेही कॉम्प्युटरला वाचता येणारं स्वरूप) आणि सीएसव्हीतही उतरवता येतं. आयकर खातं देतं, तर माझी बँक का देणार नाही?

सोलापुरात आपल्यापैकी अनेकजण नागरी सहकारी बँकांचे नुसते खातेदार नाहीत, सभासद आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. अहवाल घरी येतो, आपण लाभांशाचा आकडा बघतो आणि ठेवून देतो. यंदा सभेआधी लेखी द्या: व्यवहारांची सीएसव्ही फाइल हवी. पहिल्याच ओळीत रकान्यांची नावं, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, रक्कम स्वल्पविरामाशिवाय, समोरच्याचं पूर्ण नाव, प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक. जमलं तर ओएफएक्सही. मी माझ्या बँकेसाठी अर्ज तयार केला आहे. मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकते. बँकेचं नाव बदलून घ्या, आणि शाखेत दिलात तर पोहोच घ्यायला विसरू नका.